बोअरचं पाणी, काळा दगड आणि मलावीचे मासे

कधीकाळी मासे पाळले, मग बदल्या, मुलं, भाड्याची घरं यात ते सुटलं आणि आता पुन्हा एक मोठी टाकी लावावीशी वाटते आहे, अशा माणसासाठी हे लिहिते आहे. मीही त्यातलीच. आमच्या सदाशिव पेठेतल्या घरात लोखंडी अँगलच्या चौकटीत लांबी (पुट्टी) भरून बसवलेल्या काचांची चार फुटी टाकी होती. तळाला रंगीत खडी, खडीखाली प्लास्टिकची जाळी आणि बाजूला हवेची मोटर. त्यात एंजल होते, पुढे एक ऑस्कर होता. एंजल, ऑस्कर, डिस्कस, उजनीच्या जाळ्यात येणारी चिलापी आणि गोव्यात आवडीने खाल्ला जाणारा कालुंदर हे सगळे सिक्लिड या एकाच कुळातले, हे मला फार उशिरा कळलं. म्हणजे परत येणारे बरेचजण सिक्लिड पाळूनच गेलेले असतात.

मोठी टाकी लावायची तर काच, फिल्टर, दिवे यांच्या आधी मासा ठरवा. मासा कुठल्या पाण्यातला आहे ते कळलं की दगड, वाळू, खाणं, फिल्टर हे सगळं त्यातून ठरत जातं. आणि मासा ठरवताना आपल्या नळाला काय येतं ते पाहा. आमच्या धायरीच्या सोसायटीत बोअरचं पाणी आहे. झाडांच्या टाक्या लावणारे या पाण्याला कंटाळतात, डिस्कस पाळणारे आरओ बसवतात. मी ते मोजलं तेव्हा पीएच ८ च्या आसपास, जीएच (पाण्याचा एकूण जडपणा) १६ आणि केएच (पीएच स्थिर धरणारा कार्बोनेट जडपणा) १२ आलं. आफ्रिकेतल्या मलावी सरोवराचा पीएच साधारण ७.७ ते ८.६ असतो. सरोवराचं पाणी आमच्या बोअरइतकं जड नाही, पण कित्येक पिढ्या टाक्यांतच वाढलेले तिथले मासे जडपणा सहज सोसतात. त्यांना सोसत नाही ते आम्लधर्मी पाणी आणि दर आठवड्याला बदलणारा पीएच. दख्खनच्या पठारावर ज्या पाण्याबद्दल आपण तक्रार करतो, त्यात हे मासे उत्तम राहतात. म्हणून मी मलावी निवडलं, आणि त्यातही खडकांत राहणारे छोटे, शाकाहाराकडे झुकणारे मासे, ज्यांना एंबुना म्हणतात.

तुमच्याकडे खडकवासल्याचं नळाचं पाणी असेल तर ते मऊ असतं. तरीही मलावी करता येतं. १०० लिटर पाण्यात ३ ग्रॅम खायचा सोडा घातला की केएच साधारण १ डिग्रीने वाढतो. सोडा टाकीत न टाकता पाणी बदलायच्या पिंपात विरघळवा आणि प्रत्येक वेळी तेवढाच घाला. फिल्टरमध्ये कोरलचा किंवा शिंपल्यांचा चुरा भरलेली जाळीची पिशवी ठेवली तर पीएच खाली घसरत नाही.

काच, स्टँड आणि स्लॅब

एंबुना जेमतेम चार-पाच इंचांचे मासे. तरी त्यांना लांबी लागते, कारण प्रत्येक नर आपली कपार धरून बसतो आणि दुसऱ्याला हाकलतो. हाकलल्यावर पळायला जागा हवी. चार फुटांत हे जमतं, पण खरी मजा सहा फुटांत आहे. माझी टाकी ६ फूट लांब, २ फूट रुंद, २ फूट उंच आहे. काठोकाठ भरली तर ६८० लिटर, पण वरची मोकळी जागा, दगड आणि वाळू वजा जाता प्रत्यक्षात साडेपाचशेच्या आसपास पाणी राहतं. उंचीपेक्षा रुंदीवर खर्च करा. दीड फूट रुंदीत दगडांची भिंत होते, दोन फुटांत डोंगर होतो, त्यामागून मासे फिरू शकतात.

काच १२ एमएम घ्या. वर चारही बाजूंनी काचेच्या पट्ट्या आणि मध्ये एक आडवी पट्टी हवीच, नाहीतर पाण्याच्या दाबाने समोरची काच फुगते. टाकी बनवणाऱ्याला घरीच बोलावून जागेवर जोडून घेतलेली उत्तम. रिकामी टाकीच सव्वाशे किलोच्या घरात जाते, आणि जिन्याच्या वळणावर सहा फुटांची काच फिरवणं हे काम मी कुणालाही सुचवणार नाही. सिलिकॉन वाळायला निदान आठवडा द्या. मग दगड-वाळू काही न घालता नुसतं पाणी भरून दोन-तीन दिवस ठेवा आणि खालच्या कडांवर कोरडा कागद फिरवून ओल येते का बघा.

आता वजन. पाणी, काच, दीडशे किलो दगड, वाळू, लोखंडी स्टँड, खालचा संप (टाकीखाली ठेवलेली फिल्टरची दुसरी टाकी), सगळं मिळून टनभर. आयएस ८७५ या भारतीय मानकात राहत्या खोल्यांच्या स्लॅबवर चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे साधारण २०० किलो इतका चल भार (माणसं, सामान यांचा) धरलेला असतो. सहा बाय दोनची टाकी जेमतेम १.१ चौरस मीटरवर टनभर वजन ठेवते. याचा अर्थ स्लॅब लगेच खचेल असा नाही, कारण भार आजूबाजूला वाटला जातो, पण अंदाजावर सोडायची ही गोष्ट नव्हे. आम्ही तळमजल्यावर आहोत. वरच्या मजल्यावर असाल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला घरी बोलावून तुळई कुठून जाते ते विचारा आणि टाकी खोलीच्या मधोमध न ठेवता तुळईवर किंवा भिंतीलगत ठेवा. ही फी टाकीच्या खर्चात धरूनच चाला.

स्टँड फॅब्रिकेटरकडून चौकोनी पाइपचा करून घ्या, आधी प्रायमर, मग रंग. खाली चार टोकदार पाय नकोत, पूर्ण लांबीचा पाइप जमिनीला टेकला पाहिजे. वर १८ एमएमचा मरीन प्लाय, त्यावर थर्माकोलची शीट, त्यावर टाकी. लेव्हल बघायला गवंड्याची पाण्याची नळी सगळ्यात भरवशाची. टाकी थोडी भरली की पुन्हा बघा.

दगड आधी, वाळू नंतर

या टाकीत झाडं नाहीत, लाकूड नाही. लाकूड पाण्यात आम्ल सोडतं आणि झाडं हे मासे कुरतडतात. सगळी शोभा दगडांची, आणि दगड आपल्या पायाखालीच आहे. सह्याद्रीचा काळा कातळ, म्हणजे बेसॉल्ट, पाण्यात जवळजवळ काहीच सोडत नाही, जड असतो, आणि त्याच्या काळ्या रंगावर पिवळा आणि निळा मासा उठून दिसतो. खडी क्रशरच्या बाहेर पडलेले मोठे धोंडे विचारून आणता येतात. गंजाच्या किंवा धातूच्या रेषा असलेला दगड घेऊ नका. कोकणातला जांभाही नको, तो झिजतो आणि पाणी तांबूस करतो. दगड काथ्याच्या ब्रशने घासा, उकळतं पाणी वरून ओता, उन्हात वाळवा. मोठा दगड पातेल्यात घालून उकळू नका, आत अडकलेली ओल त्याला फोडू शकते.

रचना करताना तळाच्या काचेवर आधी फोमची पातळ शीट पसरा, त्यावर थेट दगड ठेवा, आणि वाळू अगदी शेवटी ओता. एंबुना तोंडाने वाळू उपसतात, सतत उपसतात. वाळूवर टेकवलेला दगड काही दिवसांत हलायला लागतो आणि एक दिवस काचेवर येतो. प्रत्येक दगड हाताने हलवून बघा. डुगडुगला तर काढा. कपारी भरपूर हव्यात, आणि प्रत्येकीला दोन तोंडं हवीत, म्हणजे आत शिरलेला मासा कोंडला जात नाही. दगड पाण्याच्या पातळीच्या पाऊण उंचीपर्यंत जाऊ द्या. मी डाव्या बाजूला मोठा ढीग, उजवीकडे लहान, आणि मध्ये पोहायला मोकळं मैदान ठेवलं आहे.

वाळू बारीक, गोलसर आणि चाळलेली हवी. बांधकामाची क्रश सँड धारदार असते, तोंडाने वाळू चाळणाऱ्या माशाला ती नको. स्विमिंग पूलच्या फिल्टरसाठी विकतात ती सिलिका वाळू चांगली चालते. बादलीत पाणी नितळ होईपर्यंत धुवा. दोन इंचांचा थर पुरे.

फिल्टर

जुन्या दिवसांत आणि आजच्यात सगळ्यात मोठा फरक इथे आहे. खडीखालच्या जाळीचा फिल्टर या टाकीत कामाचा नाही, मासे तो उघडा पाडतात. तासाला टाकीच्या पाच-सहा पट पाणी फिरलं पाहिजे. दोन मोठे कॅनिस्टर (बंद डब्याचे, बाहेर ठेवायचे फिल्टर) लावा किंवा खाली संप करा. मी संप केला. टाकीच्या कोपऱ्यातून पाणी पाइपने खाली उतरतं, आधी स्पंजमधून जातं, मग सिरॅमिकच्या नळ्यांमधून, आणि पंप ते वर पाठवतो. सिरॅमिक महाग पडतं, म्हणून अर्ध्या कप्प्यात मी भांडी घासायच्या साध्या प्लास्टिकच्या घासण्या भरल्या आहेत. साबण नसलेल्या, कोऱ्या. जिवाणूंना चिकटायला पृष्ठभाग हवा असतो आणि त्यांच्यात तो भरपूर असतो.

संप बनवताना एक हिशेब चुकवू नका. वीज गेली की पाइपपर्यंतचं वरचं पाणी खाली येतं. तेवढी रिकामी जागा संपात कायम राहिली पाहिजे. वर जाणाऱ्या पाइपला पाण्याच्या पातळीच्या जरा खाली एक छोटं भोक ठेवा, म्हणजे उलटा सायफन (पाणी आपोआप खाली ओढलं जाणं) तिथेच तुटतो. सगळं जोडल्यावर मुद्दाम मेन स्विच बंद करून बघा, आणि जमिनीवर थेंबही पडत नाही याची खात्री झाल्यावरच पुढे जा. पंप आणि एक हवेची मोटर इन्व्हर्टरवर घ्या. वीज तासन्‌तास गेली की बंद कॅनिस्टरमधले जिवाणू प्राणवायूअभावी मरतात. उघड्या संपाचा त्यात थोडा जास्त निभाव लागतो.

हीटर ३०० वॅटचे दोन, दोन टोकांना. एक बिघडला तर दुसरा सांभाळतो. पुण्याच्या जानेवारीत त्यांची गरज पडते, तापमान २५-२६ अंशांवर ठेवा. एप्रिल-मेमध्ये उलट, पाणी ३० च्या पुढे जाऊ लागतं. तेव्हा झाकण उघडून पाण्यावरून पंखा सोडला की बाष्पीभवनाने दोनेक अंश उतरतात. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, म्हणून उन्हाळ्यात हवेची मोटर दिवसरात्र चालू.

नवसागर

पूर्वी आपण टाकी भरायचो, दुसऱ्या दिवशी मासे सोडायचो, आणि पहिल्या महिन्यात मासे मरणं हे सगळ्यांनी धरूनच चालायचं. त्याचं कारण अमोनिया. माशांच्या श्वासातून आणि विष्ठेतून तो पाण्यात येतो. फिल्टरमधले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. पहिली दोन विषारी, तिसरं बऱ्याच अंशी सोसण्यासारखं. हे जिवाणू वाढायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि मलावीच्या पाण्यात ही वाट बघणं जास्तच महत्त्वाचं आहे. २७ अंशांच्या पाण्यात पीएच ७ असेल तर एकूण अमोनियापैकी एक टक्काही विषारी रूपात नसतो. पीएच ८.२ असेल तर सुमारे दहा टक्के असतो. म्हणजे जे अमोनिया एंजलच्या टाकीत खपून गेलं, ते इथे मारतं.

म्हणून माशांशिवाय जिवाणू वाढवा. त्यासाठी लागतो अमोनियम क्लोराइड, म्हणजे कल्हईवाला वापरतो तो नवसागर. कल्हईचा घेऊ नका, त्यात काय मिसळलंय ते कळत नाही. प्रयोगशाळेची रसायनं विकणाऱ्या दुकानात शुद्ध मिळतो. माझं टाकी आणि संप मिळून ६५० लिटर पाणी, त्यात ४ ग्रॅम घातला की अमोनिया साधारण २ पीपीएम (लिटरमागे २ मिलिग्रॅम) होतो. थेंबांचं टेस्ट किट घ्या, पट्ट्यांवर विसंबू नका. आधी अमोनिया कमी होताना दिसेल, मग नायट्राइट चढेल आणि बरेच दिवस चढलेलंच राहील; इथेच माणसं धीर सोडतात. अमोनिया संपला की पुन्हा डोस द्या. ज्या दिवशी २ पीपीएम अमोनिया घातल्यावर चोवीस तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य येतील, त्या दिवशी टाकी तयार. मग निम्म्याहून जास्त पाणी बदला, साठलेलं नायट्रेट जाऊ द्या. ओळखीत कुणाची निरोगी, जुनी टाकी असेल तर तिच्या फिल्टरचा स्पंज आणून आपल्या संपात पिळा, काम निम्म्या वेळात होतं.

बोअरचं पाणी आहे म्हणून क्लोरीनचा विचार सोडू नका. सोसायटीच्या टाकीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकतात, त्यामुळे क्लोरीन मारणारं अँटिक्लोरीन लागतंच. आणि मे महिन्यात टँकर सुरू झाले की प्रत्येक टँकरचं पाणी वेगळं असतं. तेव्हा पाणी बदलण्याआधी पीएच आणि केएच मोजा.

मासे

दुकानात ‘मिक्स आफ्रिकन’ म्हणून रंगीबेरंगी पिल्लं पिशवीत भरून देतात. ती घेऊ नका. त्यात संकर असतात, आणि एखादा ऑरेटस नावाचा भांडखोर एंबुना असतो. पिल्लू असताना सोनेरी-काळा, फार देखणा. नर मोठा झाला की अख्खी टाकी ताब्यात घेतो. जातीचं नाव सांगणारा विक्रेता शोधा, मग तो कुर्ल्याच्या बाजारात असो, चेन्नईच्या कोलाथूरला असो की घरीच पैदास करणारा कुणी असो.

माझी निवड अशी: यलो लॅब, रस्टी, आणि डेमासोनी. यलो लॅब पिवळाधमक आणि एंबुनांमध्ये सगळ्यात शांत, रस्टी जांभळट विटकरी आणि सोशिक, डेमासोनी गडद निळा, काळे पट्टे. तिघांचे रंग एकमेकांपासून पूर्ण वेगळे, आणि हे मुद्दाम आहे. नर आपल्यासारख्या दिसणाऱ्याशीच सगळ्यात जास्त भांडतो, आणि सारख्या दिसणाऱ्या जातींत संकर होतो. यलो लॅब आणि रेड झेब्रा ही आणखी एक एंबुना जात एकत्र ठेवली तरी संकर होतो, म्हणून झेब्रा मी घेतला नाही. डेमासोनी मात्र चार-सहा घेऊ नका. बारा किंवा अधिक घ्या, म्हणजे मार एकावरच पडत नाही. इतर जातींत एका नरामागे तीन-चार माद्या असाव्यात. पिल्लांत नर-मादी ओळखू येत नाहीत, तेव्हा आठ-दहा घ्या आणि मोठे झाल्यावर जास्तीचे नर काढा. मलावीचेच पीकॉक किंवा दहा इंची होणारे व्हीनस्टस यांच्यासोबत नकोत, त्यांचा स्वभाव आणि खाणं दोन्ही वेगळं.

सगळी पिल्लं शक्यतो एकदमच सोडा. हे जुन्या सवयीच्या उलट आहे, पण इथे आधी आलेला जागा धरतो आणि नंतरच्याला जगू देत नाही. नंतर नवा मासा आणायचाच झाला तर आधी वेगळ्या टाकीत तीन-चार आठवडे ठेवा, आणि सोडायच्या दिवशी काही दगड हलवून दिवे बंद करा. माझ्या टाकीत तीस-पस्तीस मासे आहेत. दाटी असली की भांडणं वाटली जातात, पण ती फिल्टर आणि पाणी बदलण्याच्या जिवावर चालते. पाणी बदलणं टाळणाऱ्याने दाटी करू नये.

डेमासोनी मूळचा टांझानियाच्या किनाऱ्याजवळच्या पोंबो रॉक्सचा, जंगली मासा तेवढ्याशाच जागेत सापडतो. चिझुमुलू बेटाजवळच्या एका खडकावर राहणारा सौलोसी हा एंबुना तर अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदला गेला आहे. त्यामुळे टाकीत पैदास झालेलेच मासे घ्या. सौलोसी मिळाला तर एकाच जातीची टाकीही सुरेख दिसते: नर निळे पट्टेदार, माद्या पिवळ्या.

खाणं, आणि तोंडातली पिल्लं

ट्युबिफेक्स विसरा. पूर्वी आपण वाटीत जिवंत अळ्या आणायचो. एंबुनाला त्या घातक आहेत. हा मासा दगडावरचं शेवाळ आणि त्यातले बारीक जीव दिवसभर खरवडतो, त्याचं आतडं लांब असतं. प्रथिनांचं जड खाणं दिलं की पोट फुगतं, खाणं सुटतं, विष्ठा पांढरी दोऱ्यासारखी होते. एकदा ते सुरू झालं की मासा वाचणं कठीण. स्पिरुलिनाचे (एका शेवाळाचे) बुडणारे दाणे द्या, दिवसातून दोनदा, मिनिटभरात संपतील इतकेच. आठवड्यातून एकदा वाफवलेला पालक किंवा सोललेला मटार, आणि एक दिवस उपास. दगडांवर येणारं हिरवं शेवाळ घासून काढू नका, ते त्यांचं खाणं आहे. पहिले काही आठवडे तपकिरी थर येतो, तो आपोआप जातो.

नर-मादी वयात आले की एक दिवस एखादी मादी खायला येणार नाही, हनुवटी फुगलेली दिसेल, आणि जबडा सारखा हलताना दिसेल. तिच्या तोंडात अंडी आहेत. नराच्या खालच्या परावर अंड्यांसारखे पिवळे ठिपके असतात. मादी अंडी घालते, वळून लगेच तोंडात घेते, मग नराच्या परावरचे ठिपके टिपायला जाते, आणि तेव्हाच त्याचं वीर्य तिच्या तोंडात जाऊन अंडी फळतात. पुढचे साधारण तीन आठवडे ती जवळजवळ काहीच खात नाही. पिल्लं तोंडातच फुटतात, तिथेच अंगातलं बलक संपवतात, आणि पूर्ण मासा होऊनच बाहेर येतात. हे बघायला मिळतं म्हणून मी ही टाकी लावली, असं म्हटलं तरी चालेल. मादी दगडाआड बसू दे, जाळी घेऊन मागे लागू नका. घाबरली तर अंडी थुंकते. कपारी भरपूर असतील तर काही पिल्लं टाकीतच वाचतात. ती मित्रांना द्या किंवा दुकानात परत द्या, पण नदीत, कालव्यात, तळ्यात एकही सोडू नका. आज आपल्या धरणांत भरून राहिलेली चिलापीही मूळची आफ्रिकेचीच. १९५२ साली मुद्दाम भारतात आणली होती.

दर आठवड्याला

तीस-चाळीस टक्के पाणी बदला. नायट्रेट ४० पीपीएमच्या खाली ठेवायचं, २० जमलं तर उत्तम. वाळूवरची घाण सायफनने ओढा. स्पंज त्याच काढलेल्या पाण्यात पिळा, नळाखाली नको. क्लोरीनने जिवाणू मरतात. संपाचा जैविक कप्पा वर्षावर्षाने हलकेच धुवा. काढलेलं पाणी कुंड्यांना घाला, जास्वंदाला ते फार मानवतं. दिवे आठ तासांपेक्षा जास्त ठेवू नका.

दिवाळीत गावाला जाणार असाल तर मोठे, निरोगी एंबुना आठवडाभर न खाता राहतात. शेजाऱ्यांना दाण्यांचा डबा देऊन जाऊ नका. पंप चालू आहे का आणि पाण्याची पातळी कुठे आहे एवढंच रोज बघायला सांगा, मेन स्विच कुठे आहे ते दाखवा, आणि निघण्याच्या दोन दिवस आधी पाणी बदला, अगदी निघताना नको, म्हणजे काही बिघडलंच तर तुम्ही घरी असता.